वजनकाट्यावरच्या माणसाचे पिस्तूल

११ मार्च. एक लाख ब्याऐंशी हजार सहाशे पन्नास. चेक मी लिहिला, मेहुण्याने फक्त सही केली. सही करण्याआधी त्याने मनगट टेबलाच्या कडेवर घट्ट टेकवले, श्वास रोखला आणि एका दमात नाव ओढले. तरी शेवटच्या अक्षराला शेपूट फुटलेच.

"एवढी रक्कम जन्मात पहिल्यांदा बघतोय भाऊजी, हात थरथरणारच," तो म्हणाला.

"रक्कम मी लिहिली. तू नुसतं नाव लिहिलंस."

"मग तुमचा हात कसा नाही थरथरला?"

"पैसे तुझे आहेत म्हणून."

तो खो खो हसला. आतून माझी बायको, म्हणजे त्याची ताई, ओरडली, "हसा दोघं. या पैशात बाथरूमला फरशी बसली असती."

माझा हा मेहुणा घाऊक भाजीबाजाराच्या फाटकाशी असलेल्या वजनकाट्यावर नोकरीला आहे. रस्त्याच्या पातळीत बसवलेला लांबरुंद लोखंडी पत्रा, त्यावर ट्रक चढतो, आणि शेजारच्या काचेच्या खोलीत बसून हा वजनाची पावती फाडतो. पंचवीस वर्षे हेच काम. ट्रकवाले त्याला काटेशेठ म्हणतात. एकदा मी खोलीत बसलो होतो तेव्हा एक अगडबंब ड्रायव्हर खिडकीशी येऊन म्हणाला, "काटेशेठ, थोडं हलकं दाखवा ना आज." याने मान वर न करता उत्तर दिले, "तुम्ही खाली उतरून लांब उभे राहा, आपोआप हलकं होईल." ड्रायव्हर शिव्या देत हसत गेला. वजन जे होते तेच लागले. या माणसाने कोणाला पाच किलोची सूट दिल्याचे मला माहीत नाही.

रविवारी मात्र तो वेगळा माणूस असे. पोहण्याच्या तलावामागे एक लांबट पत्र्याची शेड आहे, तिथे नेमबाजीचा क्लब चालतो. दहा मीटरवर पुठ्ठ्याचे टार्गेट, हाताने धरायचे हवेवर चालणारे पिस्तूल, साठ छर्रे, सहाशे गुण. तरुणपणी एका मित्राबरोबर गंमत म्हणून गेला आणि तिथलाच झाला. क्लबचे चार नंबरचे पिस्तूल तो वापरत असे. त्याची लाकडी मूठ कोण्या जुन्या सभासदाच्या हाताच्या मापाने कोरलेली. याच्या हाताला ती मोठी व्हायची, म्हणून त्याने तिच्यावर सायकलच्या हँडलची पट्टी गुंडाळली होती. त्या पिस्तुलावर त्याने एकदा पाचशे अठ्ठावन्न मारले. तेव्हापासून क्लबात एक वाक्य रूढ झाले: काटेशेठला स्वतःचं पिस्तूल असतं तर!

विभागाच्या ज्येष्ठ संघाची निवड दर सप्टेंबरात होते. पाचशे पंचेचाळीसच्या वर मारणाऱ्यांतले पहिले तिघे संघात. हा तीन वेळा थोडक्यात हुकला, दोनदा तर चौथा आला. संघाचा निळा कोट असतो, खिशावर शिवलेले चिन्ह असते. त्याला तो कोट हवा होता. हे त्याने मला कधी सांगितले नाही, पण निवडीच्या दिवशी कोट घातलेली माणसे समोरून गेली की तो बुटाची नाडी बांधायला खाली वाके.

गेली दोन वर्षे त्याचे गुण घसरत चालले होते. पाचशे चाळीस, मग पाचशे चौतीस. दोष अर्थातच चार नंबरचा. म्हणून त्याने भविष्य निर्वाह निधीतून उचल घेतली आणि स्वतःच्या पिस्तुलाची ऑर्डर दिली.

माप द्यायला मी बरोबर गेलो होतो. पिस्तुलांच्या मुठी कोरणारा मिस्त्री एका लेथ कारखान्याच्या मागच्या खोलीत बसतो. खोलीत अक्रोडाच्या लाकडाचे ठोकळे, कानशी आणि त्याच्या दम्याच्या औषधाचा वास. तो जेमतेम बोलतो आणि बोलला तर तक्रारच करतो. त्याने ओल्या मातीचा गोळा मेहुण्याच्या हातात दिला.

"नेम धरता तसा धरा. हात लांब. आता हलू नका."

मेहुण्याने हात लांब केला. मिस्त्रीने हळूच गोळा सोडवून घेतला, उजेडात धरला आणि म्हणाला, "हललात."

"नाही हललो."

"बोटांच्या खुणा दुहेरी उठल्यात. परत."

दुसऱ्यांदाही तसेच. तिसऱ्यांदा मिस्त्रीने गोळा उजेडात धरलाच नाही. अंगठा पाण्यात बुडवून त्याने त्या दुहेरी खुणा सारवून एक केल्या आणि गोळा वाळायला ठेवला. मेहुणा तेव्हा भिंतीवरचे कॅलेंडर वाचत होता.

मे महिन्यात पिस्तूल आले. काळी पेटी, आत फोमच्या खाचेत ते बसवलेले. नळी परदेशी, मूठ मिस्त्रीची. मूठ वेगळी काढून पाहिली तर झाडाची गाठ वाटावी इतकी वेडीवाकडी. पण मेहुण्याने हातात घेतली आणि ती दिसेनाशीच झाली. बोट न बोट आपापल्या जागी. मला धरायला दिली तर माझा अंगठा कुठे ठेवायचा ते कळेना.

"बघितलंत? दुसऱ्याच्या हाताला लागूच होत नाही," तो म्हणाला. त्याच्या बायकोने पदराला हात पुसून मूठ धरून पाहिली आणि म्हणाली, "लागू झालीच तर पहिला छर्रा कोणाला मारायचा ते माझं ठरलंय." सगळे हसले. त्या दिवशी त्या घरात जी हवा होती ती मी त्यांच्या मुलीच्या लग्नातही पाहिली नव्हती.

क्लबात एक पद्धत आहे. नवीन पिस्तुलाचे पहिले हजार छर्रे मालकानेच मारायचे. चापाची स्प्रिंग बसायची असते, लाकूड घाम पिऊन हाताला जुळायचे असते. मधे परका हात लागला की पिस्तूल बिघडते, अशी सगळ्यांची समजूत. ही पद्धत कोणी मोडत नाही. त्यामुळे पिस्तूल खराब की हात खराब, हे हजार छर्रे होईपर्यंत कोणाला सांगता येत नाही.

पहिल्या रविवारी तो पहाटेच जाऊन बसला. मी मागच्या बाकावर. टार्गेट मोटरच्या दोरीवरून सरसरत परत आले तेव्हा त्यावरची भोके मूठभर वाटाणे फेकावेत तशी पसरलेली होती. क्लबचे सेक्रेटरी, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "नवं आहे. रुळेल."

"रुळेल हो," शेजारचा म्हणाला.

मीही म्हणालो, रुळेल.

जून गेला. पिस्तूल रुळत नव्हते. मेहुणा प्रत्येक रविवारी नवे कारण घेऊन घरी येई. चाप फार हलका आहे, हात स्थिर होण्याआधीच सुटतो. मिस्त्रीने चाप जड करून दिला. मग म्हणे, तळहाताखालचे फळकुट सैल आहे. मिस्त्रीने ते वर सरकवले. मग नळीच्या टोकाला वजन कमी पडते. मिस्त्रीने पितळेचे दोन तुकडे लावले. मग मुठीत लाकडाची लुगदी भरली, मग ती थोडी घासून काढली. प्रत्येक दुरुस्तीनंतर एक दिवस बरा जाई. त्या दिवशी मेहुणा माझ्याकडे चहाला येई आणि आवाज चढवून बोले. पुढच्या रविवारी येत नसे. मग मी समजून जाई.

घरात त्याचे कप अर्धे भरले जाऊ लागले. त्याच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, ते आपणहून सुरू केले होते. माझ्या बायकोला ते दिसले. परत येताना रस्त्यात ती म्हणाली, "तुम्ही बोला ना त्याच्याशी."

"काय बोलू?"

"हाताचं."

"त्याला माहीत नाही का?"

"माहीत असेल तर मग बोलायला काय जातंय?"

मी एकदा विषय काढलाही. तो म्हणाला, "भाऊजी, तुमची चष्म्याची काडी ढिली झालीय, आधी ती बसवून घ्या." चष्म्याची काडी खरोखरच ढिली होती.

जुलैअखेर मिस्त्री वैतागला. पेटी घेऊन स्वतः क्लबात आला, सोबत लोखंडी शिकंजा. "मूठ काढतो, नळी शिकंज्यात आवळतो, आणि मारतो. मग बोला."

यावर क्लबात वाद. हजार छर्रे अजून झाले नव्हते. शिकंजा म्हणजे परका हात धरायचा की नाही? सेक्रेटरींचे मत, शिकंज्याला घाम नसतो, सबब तो हात नव्हे. दुसरा एक सभासद म्हणाला, चाप तर मिस्त्रीच ओढणार. शेवटी चाप मेहुण्यानेच ओढायचा असे ठरले. त्याने वाकून, एका बोटाने, एकामागून एक पाच छर्रे मारले. टार्गेट परत आले. मधोमध एकच भोक, करंगळीच्या नखाएवढे, कडा थोड्या फाटलेल्या.

मिस्त्रीने पुठ्ठा मेहुण्याच्या हातात दिला. तो पुठ्ठा हवेत बारीक थरथरत राहिला आणि सगळ्यांनी एकदम दुसरीकडे बघितले.

मेहुणाच आधी हसला. "झकास. मग निवडीला शिकंज्यालाच पाठवा. कोट त्याला मोठा होईल एवढंच."

सगळे जरा जास्तच हसले.

त्यानंतर वहिनींनी ऐकून घेतले नाही, त्याला डॉक्टरांकडे नेले. मी बरोबर होतो. डॉक्टरांनी हात लांब करायला लावले, कागदावर गोल गोल काढायला लावले, आई-वडिलांपैकी कोणाचा हात हलत होता का विचारले. वडिलांचा हलत असे. आम्ही सगळे ते म्हातारपण समजत होतो. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखा आजार नाही, पण जाणारही नाही, हळूहळू वाढेल. रक्तदाबाला देतात त्यातलीच एक गोळी आहे, तिने पुष्कळांचा हात शांत होतो.

झाला. आठवड्याभरात झाला. वहिनींनी कप पुन्हा काठोकाठ भरला आणि तो उचलून पिऊन होईपर्यंत आम्ही तिघे त्याच्याकडे बघत बसलो. "काय सिनेमा लागलाय का?" तो म्हणाला.

ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी तो रेंजवर उभा राहिला तेव्हा मी मागच्या बाकावर होतो. हात वर गेला, खाली उतरत काळ्या गोलापाशी आला आणि थांबला. नुसता थांबला. असे थांबणे मी त्याच्या हातात कित्येक वर्षांत पाहिले नव्हते. साठ छर्र्यांचे पाचशे एकसष्ट झाले. चार नंबरवरच्या त्या जुन्या आकड्याहूनही जास्त. त्याच साठांत त्याचा हजारावा छर्राही सुटला होता. सगळे धावले. कोणी पाठ थोपटली, कोणी ओरडले, "रुळलं! पिस्तूल रुळलं!" मेहुणा पिस्तुलाच्या मुठीवरचा घाम रुमालाने पुसत होता. डोळे पुसायचे टाळत होता हे मला दिसत होते.

छर्र्यांच्या डबीशेजारी गोळ्यांची पट्टी पडली होती. सेक्रेटरींनी सहज उचलली, चष्मा वर करून नाव वाचले.

"ही कोणाची?"

"माझी," मेहुणा म्हणाला. "हातासाठी. डॉक्टरांनी दिलीय."

सेक्रेटरींनी त्याला बाजूला घेतले. मीही गेलो. ते खालच्या आवाजात बोलले. ही गोळी नेमबाजीत बंद आहे. फक्त स्पर्धेच्या दिवशी नव्हे, एरवीही.

"पण आजार आहे," मी म्हणालो. "डॉक्टरांची चिठ्ठी आहे. परवानगी मागता येत असेल."

"दुसऱ्या औषधांना मिळते. हिला आपल्या खेळात कोणी देत नाही." त्यांनी पट्टी पालथी केली. "ही हात स्थिर करते ना? आपला खेळच तो आहे. धावणाऱ्याला चाकं देण्यासारखं आहे हे."

"बाकीच्यांचे हात मुळातच स्थिर आहेत की!"

"आहेत," ते म्हणाले. मग इकडेतिकडे बघून त्यांनी पट्टी मेहुण्याच्या शर्टाच्या खिशात सारली. "हे बघा काटेशेठ, आपल्या निवडीला तपासणीबिपासणी होत नाही. मी काही वाचलेलं नाही. माझा चष्मा घरी आहे." चष्मा त्यांच्या कपाळावर होता.

त्या संध्याकाळी आमच्याकडे बैठक बसली. बायको तावातावाने म्हणाली, "औषध आहे ते! चोरी आहे का? पडशाला काढा घेतला तर तोही बंद करतील हे लोक!"

"ताई, तसं नाही गं."

"कसं नाही? तुझ्याच हाताने मारणार ना? का गोळी मारणार?"

"गोळीच मारतेय," तो म्हणाला.

वहिनी हळू आवाजात म्हणाल्या, "कोणाला कळणार नाही म्हणतायत. एक दिवस. मग काय ते सोडा."

त्याने माझ्याकडे पाहिले. मी हिशेबतपासनिसाच्या नोकरीत आयुष्यभर दुसऱ्यांच्या व्हाउचरांवर लाल पेनाने प्रश्नचिन्हे काढली आहेत. मला तेव्हा काढता आले नाही. घे असेही म्हणवले नाही, घेऊ नको असेही नाही. मी म्हणालो, "तू ठरव." याहून निरुपयोगी दोन शब्द मी कोणाला ऐकवले नसतील.

त्याने हाताकडे पाहिले. हात मांडीवर शांत होता. मग म्हणाला, "भाऊजी, फाटकावर रोज कोणीतरी म्हणतं, थोडं हलकं दाखवा, कोणाला कळतंय. पंचवीस वर्षं नाही म्हणतोय मी. तेव्हा मला कधी जड गेलं नाही." त्याने हात मांडीवर पालथा केला. "आज जातंय."

डॉक्टरांना विचारून त्याने गोळी हळूहळू कमी केली. निवडीच्या दहा-बारा दिवस आधी ती पूर्ण बंद झाली. वहिनींनी कप पुन्हा अर्धा भरायला सुरुवात केली. या वेळी तो समोर बसून बघत होता. "अजून जरा घाल. सांडलं तर सांडलं," तो म्हणाला. सांडले.

निवडीच्या दिवशी हवा कोरडी आणि छान होती. सामानाची तपासणी झाली, चापाच्या वजनाची परीक्षा झाली, पिस्तूल सगळ्यांत पास झाले. तपासणारा म्हणालाही, "काय सुरेख काम आहे! कोणी केली मूठ?" मेहुण्याने मिस्त्रीचे नाव आणि पत्ता सांगितला, बसने कसे जायचे तेही सांगितले.

पहिले दहा बरे गेले. अठ्ठ्याऐंशी. मग हात थकू लागला आणि थरथर वाढली. तो हात वर नेई, खाली आणी, नळीच्या टोकावरची नेमाची पट्टी काळ्या गोलाभोवती माशीसारखी फिरत राही, आणि तो न मारताच पिस्तूल टेबलावर ठेवी. पुन्हा उचली. पुन्हा ठेवी. शेजारच्या ओळीतले लोक एकेक करून संपवून बाहेर पडू लागले. मी बाकाची कड धरून बसलो होतो. माझे हात अगदी स्थिर होते. घड्याळ दुरुस्त करता आले असते इतके. ते त्याला देता येत नव्हते. वहिनी शेजारी बसल्या होत्या, त्यांनी एकदाही वर पाहिले नाही. त्या टार्गेट परत येतानाचा दोरीचा आवाज ऐकत होत्या, आणि मेहुणा दर वेळी टार्गेट काढताना किती वेळ घेतो त्यावरून त्यांना कळत होते.

शेवटचे तीन छर्रे त्याने वेळ संपता संपता मारले. एकूण पाचशे पंधरा. तिसरी जागा एका शाळेतल्या पीटीच्या सरांनी पाचशे शेहेचाळीसला घेतली. मेहुणा त्यांच्यापाशी गेला, अभिनंदन केले आणि म्हणाला, "कोट शिवताना खांद्यात जरा सैल ठेवा. हात उचलताना ओढतो म्हणतात." सरांना कळले नाही, याला कसे माहीत. मला कळले. तो कोट त्याने कल्पनेत इतक्या वेळा घातला होता.

परतताना गाडीत पेटी त्याच्या मांडीवर होती. सिग्नलला थांबलो तेव्हा तो एकदाच म्हणाला, "पिस्तुलाचा काही दोष नाही हो."

दुसऱ्या दिवसापासून त्याने गोळी पुन्हा सुरू केली. पावतीवरची सही आता सरळ येते, शेपूट फुटत नाही. पिस्तूल विकायला त्याने नाही म्हटले. तसेही ते कोणी घेतले नसते, ती मूठ दुसऱ्या हाताला लागू होत नाही. मिस्त्री म्हणाला, नवी मूठ कोरून देतो, नळी चांगली आहे. मेहुण्याने विषय बदलला.

रविवारी तो क्लबात जातो. स्पर्धेत न उतरणारा सभासद म्हणून त्याला शेवटची ओळ दिली आहे. टार्गेट तो उलटे लावतो, कोरी बाजू समोर, म्हणजे गुण मोजायला वर्तुळेच राहत नाहीत. पांढऱ्या पुठ्ठ्यावर भोके एकाला एक खेटून पडतात. नवे लोक बघतात आणि विचारतात, "काका, तुम्ही निवडीला का नाही उतरत?" तो म्हणतो, "वेळ नसतो." सेक्रेटरी ते ऐकून कॅन्टीनकडे निघून जातात. मी अजूनही मागच्या बाकावर बसतो. त्याच्याशी काय बोलावे ते मला अजून सुचलेले नाही, म्हणून आम्ही ट्रकांविषयी बोलतो.

निवडीचे प्रवेशशुल्क, तीनशे वीस, त्या सकाळी खिडकीवर मी भरले होते. ते त्याच्याकडून अजून येणे आहे.